बिनपगारी माणसांचं ट्रिप शीट

७ जानेवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी लिहिणार. कोणाला दाखवायची नाही. हिलासुद्धा नाही. (ती म्हणाली, वाचायला वेळ कोणाला आहे?)

कारण तसंच मोठं आहे. आमच्या भागातल्या संस्थेने मला स्वयंसेवक प्रमुख नेमलं. काम असं : ज्या म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे दर बुधवारी एकेक स्वयंसेवक दोन तास जाऊन बसतो. वाचून दाखवतो, गप्पा मारतो, पत्ते कुटतो. अकरा म्हातारी माणसं, अकरा स्वयंसेवक. रजिस्टर नाही, तक्ता नाही, कोणाचा कोणाला धाक नाही. नऊ वर्षं असंच चाललंय म्हणे. कसं चाललं, देव जाणे.

मी एका टेम्पोवर सुरुवात केली आणि एकोणीस ट्रक उभे केले. पगार घेऊन न ऐकणारे चाळीस ड्रायव्हर सांभाळले. हे तर बिनपगारी. किती सोपं!

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तुमच्या अनुभवाचा आम्हाला उपयोग होईल. ही म्हणाली, उपयोग मलाही होईल, दुपारी घरात नसाल.

८ जानेवारी, बुधवार
ऑफिस पाहिलं. दवाखान्याच्या वरची एक खोली, एक टेबल, एक फळा, सहा खुर्च्या. त्यातली एक फक्त दिसायला खुर्ची. मी नेमका तिच्यावर बसलो. कोणी हसलं नाही, म्हणजे शिस्तीला वाव आहे.

माणसं बरी वाटली. एक निवृत्त नर्सबाई, सर्वांत जुन्या. एक शिंपीमास्टर. एक बँकवाले. दोन बहिणी, एकीने सुरू केलेलं वाक्य दुसरी संपवते. बाकीचे अजून नीट लक्षात राहायचेत.

पन्नास मिनिटं बोललो. म्हणालो, तुम्हाला पगार नाही, म्हणून शिस्त दुप्पट हवी. टाळ्या पडल्या नाहीत. विचारात पडले असावेत.

नर्सबाई सांगत होत्या की दर बुधवारी संध्याकाळी त्या प्रत्येकाला फोन करतात. आज कसं गेलं, काही मनाला लागलं का, असं विचारतात. मी म्हटलं, बाई, हे बंद करा. माझ्या चाळीस ड्रायव्हरना त्यांच्या मनाचं मी कधी विचारलं नाही, तरी ट्रक पोहोचायचे. त्या म्हणाल्या, बरं भाऊ. लगेच ऐकलं. अनुभवी बाई.

१५ जानेवारी, बुधवार
ट्रिप शीट सुरू केलं. जुन्या धंद्यातलाच नमुना छापखान्यात दिला, थोडा बदलून. निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, गप्पांचा विषय, गप्पांचा निष्कर्ष, सही.

छापखानेवाल्याने शेवटची जुनी ओळ तशीच ठेवली : 'माल सुस्थितीत पोहोचला का?' दोन बहिणींपैकी धाकटीने तिथे लिहिलं, 'माल झोपला होता.' तिला ताकीद दिली. थोरलीने तिच्या वतीने माफी मागितली, पण ओठ दाबून.

शिंपीमास्टरने 'निष्कर्ष' रिकामा ठेवला. विचारलं, तर म्हणाला, अजून लागायचाय, शेठ.

२२ जानेवारी, बुधवार. दुपारी ४
माझे कान पहिल्यापासून तिखट. इंजिनचा आवाज ऐकून ड्रायव्हर कुठे थांबला होता ते सांगायचो. आज जिना चढताना वरून कुजबुज ऐकू आली : गप्प बसा, चेकनाका आला.

चेकनाका! दोन आठवड्यांत एवढा दरारा. घरी येऊन हिला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. तिलाही भरून आलं असणार.

२९ जानेवारी, बुधवार
अचानक तपासणी. गेलो थेट घड्याळजी आजोबांकडे. हे आजोबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे. आता डोळे पार गेलेत. त्यांच्याकडे आपला शिंपीमास्टर जातो, चार वर्षं झाली.

दारातून पाहतो तर काय! मास्टर एक जाडजूड रहस्यकथा वाचतोय. एका पानाला थांबतो आणि म्हणतो, आजोबा, लिहून देतो, खून माळ्याने केलाय. आजोबा म्हणतात, माळ्याने? अरे, त्याला कात्री धरता येत नाही! मग दहा मिनिटं वाद. मग पुढचं पान. मग खून स्वयंपाकीणबाईने केलेला. मी घड्याळ लावून मोजलं. दोन तासांत अठरा पानं. एवढ्या वेळात माझा ट्रक पुढच्या गावी माल उतरवून परत निघायचा.

आजोबांनी सांगितलं की एक मार्चला मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार आहे, फार लांब. पंच्याहत्तर पानं राहिलीत आणि चार बुधवार. जेमतेम बसतंय, म्हणाले. आणि मास्टरच्या गुडघ्यावर थाप मारली.

ती थाप मला खटकली. आमच्या धंद्यातला पक्का नियम : एका रूटवर एक ड्रायव्हर तीन महिन्यांच्या वर ठेवायचा नाही. ओळखी वाढतात, वाटेत पाहुणचार सुरू होतो, गाडी रेंगाळते. इथे तर चार चार वर्षं तेच! रोगाचं मूळ सापडलं.

३ फेब्रुवारी, सोमवार
नवा तक्ता फळ्यावर लावला. दर बुधवारी प्रत्येकाचं घर बदलणार. कोणाचं कोणावाचून अडता कामा नये.

शिंपीमास्टर म्हणाला, शेठ, माझं तेवढं पुस्तक संपू द्या, आजोबा महिनाअखेरीला जाणार. मी म्हटलं, मास्टर, 'तेवढी एक ट्रिप होऊ द्या' हे वाक्य मी चाळीस तोंडांतून ऐकलंय. एकाला सूट दिली की सगळे डोक्यावर बसतात.

त्याने गळ्यातली टेप सारखी केली आणि जिना उतरला. पटलं त्याला.

५ फेब्रुवारी, बुधवार
पहिला दिवस. किरकोळ अडचणी.

दोन आजींनी दारच उघडलं नाही. आतून म्हणाल्या, ओळखत नाही, उद्या या. पत्ते खेळणाऱ्या आजोबांकडे बँकवाले गेले. त्यांना पत्ते येत नाहीत, म्हणून त्यांनी दोन तास मुदत ठेवीचे प्रकार समजावले. आजोबांना ताप आला. योगायोग.

शिंपीमास्टर आलाच नाही, कुठेच. घड्याळजींकडे थोरली बहीण गेली. पुस्तक अर्ध्यातून वाचणं तिला पटेना, म्हणून तिने पहिल्या पानापासून सुरू केलं. नीटनेटकी बाई. शीटवर वेळा अचूक.

नर्सबाई म्हणाल्या, भाऊ, ही माणसं संस्थेसाठी येत नाहीत, त्या एका माणसासाठी येतात. मी म्हटलं, भावनेवर गाड्या चालत नाहीत. त्या म्हणाल्या, या त्याच्यावरच चालत होत्या. बाई हुशार आहेत, पण धंद्यातल्या नव्हेत.

१० फेब्रुवारी, सोमवार
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, माणसांचं अधूनमधून कौतुक करत जा. पटलं. लगेच 'उत्कृष्ट स्वयंसेवक' स्पर्धा जाहीर केली. शंभर गुण : हजेरी चाळीस, शीट पन्नास, स्वभाव दहा.

रात्रीपर्यंत थांबवेना, गुण काढूनच टाकले. पहिला मी आलो. सगळी शीट पूर्ण असलेला एकटाच आहे. नम्रपणे स्वीकारलं. फळ्यावर स्वतःच्या हाताने नाव लिहिताना थोडं अवघडल्यासारखं झालं, पण नियम म्हणजे नियम.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अकरापैकी पाच आले. घड्याळजींकडे कोणीच गेलं नाही. गैरहजर सहा जणांना कारणे दाखवा नोटीस काढली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
एकच उत्तर आलं, धाकट्या बहिणीचं. एकाच ओळीत : 'कारण विचारलंत. कारण तुम्ही.' खाली थोरलीने लिहिलंय, 'आहात.'

हिला दाखवलं. ही म्हणाली, अक्षर छान आहे हो दोघींचं.

संकल्प : रागवायचं नाही. टाकाऊ माल आपोआप गळतोय. उरतील ते सोनं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
उरल्या एकट्या नर्सबाई. फळ्याकडे न बघता त्या सरळ त्यांच्या नेहमीच्या आजींकडे गेल्या. म्हणून घड्याळजींकडे मी स्वतः. प्रमुखाने प्रसंगी स्टिअरिंग हातात घ्यावं.

आजोबांनी पायाचा आवाज ऐकून विचारलं, मास्टर? मी म्हटलं, मास्टरचा साहेब. ते पुन्हा उशीला टेकले.

पुस्तक घेतलं. अजून पंच्याहत्तर पानं, हातात आजचा आणि पुढचा बुधवार. मला तोडगा सुचला. या माणसाला हवंय काय? खुनी कोण ते. मग मधली वळणं कशाला? मी शेवटचं पान उघडलं आणि खुन्याचं नाव खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. चार मिनिटांत काम फत्ते. धन्यवादाची वाट बघत बसलो.

आजोबांनी चाचपून पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाले, ते मला डिसेंबरातच कळलं होतं. डोळे गेलेत माझे, डोकं नाही. मास्टरला कळलेलं नाही. दर पानाला नवा माणूस पकडतो आणि छातीठोकपणे सांगतो. आठवडाभर मी त्यावर हसतो. मुलाकडे गेल्यावर भिंतींशीच बोलायचंय, त्याआधी तेवढं होईल असं वाटलं होतं.

मग म्हणाले, त्याला नाव सांगू नका हं. आणि थोड्या वेळाने, पण तो येणार आहे का?

मी म्हटलं, तक्ता बघून सांगतो. जिना उतरेपर्यंत ते वाक्य माझ्याच कानात वाजत होतं. कान तिखट असण्याचे तोटे असतात.

शीट भरलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
शिंपीमास्टरच्या दुकानात गेलो. तो एका गिऱ्हाइकाचं माप घेत होता, दातांत टाचण्या. मला स्टूल दाखवलं. अर्धा तास बसलो. मला अर्धा तास बसवून ठेवणारा माणूस वीस वर्षांत पाहिला नव्हता.

गिऱ्हाईक गेलं, टाचण्या निघाल्या. मग म्हणाला, शेठ, तुम्ही मला वेळ विचारली, विषय विचारला, निष्कर्ष विचारला. मी का येतो ते विचारलंत? दिवसभर माझं तोंड टाचण्यांनी भरलेलं असतं. घरी कोणी नाही. बुधवारी दोन तास मी बोलतो आणि एक माणूस माझ्याशी भांडतो. ते दोन तास तुम्ही फळ्यावरून पुसलेत.

मी माफी वगैरे मागितली नाही. चूक झाली एवढंच म्हणालो. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज थोडा बसला, दुकानात कापसाची धूळ फार.

त्याने विचारलं, काल तुम्ही गेला होतात ना? खुनी कोण निघाला, कळलं का? नाव अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, नाही बुवा, मला काही समजलं नाही. म्हणाला, वाटलंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बैठक. नर्सबाईंना प्रमुख केलं, मला सल्लागार. अध्यक्षीणबाईंनी स्पष्ट केलं : विचारल्यास.

बाईंनी तिथे बसूनच दहा फोन केले. कोणालाही शिस्तीबद्दल एक शब्द नाही. तुमचं माणूस तुमची वाट बघतंय, एवढंच. दहाच्या दहा येतो म्हणाले. माझ्या नोटिसा निदान वाचल्या तरी होत्या का, कोण जाणे.

तसा पाया मीच घातला होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार
मास्टर दुकान बंद ठेवून सकाळी नऊलाच घड्याळजींकडे गेला, असं कळलं. मी सहज त्या बाजूला गेलो. जिन्यात थांबलो. सल्लागाराला जिन्यात उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

आतून माळी झाला, स्वयंपाकीण झाली, डॉक्टर झाला, मेलेल्या माणसाचा भाऊ झाला. प्रत्येक वेळी मास्टर लिहून द्यायला तयार. आजोबांना हसता हसता ठसका. मग मास्टरचं 'पाणी घ्या आधी'. मी दोनदा खाली जाऊन आलो, पाय भरून आले. एकदा बसलो, तर शेजारणीने कोण पाहिजे म्हणून विचारलं.

साडेचारला एकदम सामसूम. मग मास्टर ओरडला, हा? हा कसा असेल! आणि आजोबा म्हणाले, अरेच्चा! माझ्या तर स्वप्नातही आलं नाही रे!

इतकं सफाईदार खोटं मी बाजारातही ऐकलेलं नाही.

मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला. पुढचं मला ऐकायचं नव्हतं. मी खाली उतरलो.

१ मार्च, शनिवार
आजोबा गेले मुलाकडे. मास्टर स्टेशनपर्यंत गेला होता, म्हणे. बाईंनी त्याला संध्याकाळी फोन केला. बराच वेळ चालला.

५ मार्च, बुधवार
बाईंनी मला विचारलं, भाऊ, तुम्हाला स्वतःला काय करायला आवडेल? असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, माणसं सांभाळायला. त्या म्हणाल्या, मग एकीपासून सुरुवात करा.

यादीत नव्याने आलेल्या एका आजींकडे पाठवलं, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वय शहाऐंशी, पाठ ताठ. मी त्यांना माझा धंदा पहिल्या टेम्पोपासून सविस्तर सांगितला. अकराव्या ट्रकपर्यंत त्यांनी डोळे मिटून, अगदी एकाग्रतेने ऐकलं.

संध्याकाळी बाईंचा फोन. कसं गेलं, भाऊ? म्हटलं, उत्तम, माझं आणि आजींचं फार जमलं. मग म्हटलं, त्यांचं काय म्हणणं? बाई जरा घुटमळल्या. आजींनी दुपारीच फोन करून विचारलं होतं, पुढच्या बुधवारी दुसरं कोणी पाठवता येईल का.

बाईंनी त्यांना सांगितलं, आमच्याकडे माणसं बदलत नाहीत.

संस्थेचं हे धोरण अत्यंत योग्य आहे.