कुंदाची उजवी बाजू

गोखिवरे,
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दिवाकरमामांस,
क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, मला जिना उतरता येत नाही आणि तुमचे गुडघे तीन मजले चढू देणार नाहीत. तुमची सून, कुशलदादाची बायको, इकडे रोज कामाला येते म्हणून बरं. तिच्या भाजीच्या टोपलीतून हे पत्र धाडते आहे.

डावा घोटा मोडला. आत प्लेट आणि स्क्रू घातलेत. आपल्या कुंदा घोडीवरून पडले असते तर सांगायला तरी काही होतं! आकाशकंदील टांगताना स्टुलावरून पडले. शाळेत असल्यापासून कुंदाच्या पाठीवर बसते आहे, तिने कधी पाडलं नाही आणि घरच्या स्टुलाने दावा साधला. हसा, तुम्ही हसणारच आहात.

दिवसभर पाय उशीवर ठेवून पडलेली असते. पाण्याचा पेलासुद्धा आईने हातात द्यायचा. आधी चिडते, मग रडू येतं, मग आईचा चेहरा बघून उगीच हसते. डॉक्टरांना विचारलं की घोड्यावर कधी बसू, तर त्यांनी आधी संडासापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. असा माझा मान!

कुंदाला कोण फिरवतं? मी येत नाही म्हणून रुसली असेल. तिला माझी सगळी हकिगत सांगा.

पाय आखडलाय, तुमचा लोभ तेवढा आखडू नये.
तुमची,
क्षितिजा


उमेळे,
१० नोव्हेंबर २०२४

चि. क्षितिजास,
दिवाकरमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हसलो. मग वाईटही वाटलं. सोबत अळू आणि राजेळी केळी पाठवली आहेत, आईला म्हणावं अळूची खाज काढून घे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवणं बरं नाही. कुशलने वाडी बिल्डरला दिली. त्याच्यावर रागावू नकोस. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, केळी धरत नाहीत, आणि मला आता उभ्याने पाणी लावणं होत नाही. पण बिल्डरचा रस्ता नेमका कुंदाच्या गोठ्यावरून जातो. गुढीपाडव्याच्या आत गोठा मोकळा करून द्यायचा आहे.

अर्नाळ्याकडे सँड्राबाई मुलांना घोडेस्वारी शिकवतात. त्या कुंदाला न्यायला तयार आहेत, मात्र कोणीतरी तिच्यावर बसून दाखवलं पाहिजे. नुसती उभी असलेली घोडी त्यांना नको. त्यांनी नाही म्हटलं तर जूचंद्रचा शांताराम आहेच, लग्नाच्या वरातींना घोडे देतो. पांढरी घोडी म्हटल्यावर तो उद्या येईल. पण फटाक्यांनी कुंदाचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. परवाच्या दिवाळीत कोपऱ्यात थरथरत उभी होती, गवताला तोंड लावलं नाही.

माझं वय बसण्याचं राहिलं नाही. कुशल आयुष्यात कधी बसला नाही. राहिलीस तू एकटी. तुझ्या पायाला मला घाई करायची नाही पोरी, पण घाई आहे.

पाय जप आणि मामाची आठवण ठेव.
आशीर्वादांसह,
दिवाकरमामा


गोखिवरे,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न.

प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो माझा वाटत नाही, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटतो. वॉकर धरून घरात फिरते. जिना मात्र अजून रांगत्या मुलासारखा बसून बसून उतरावा लागतो, शेजारचे बघतात म्हणून लाज वाटते.

डॉक्टरांनी मार्चमध्ये घोड्यावर बसायची परवानगी दिली आहे, पण एक अट घातली. चढताना सगळा भार डाव्या पायावर घ्यायचा नाही. आणि चढतात तर डावीकडूनच! डावा पाय रिकिबीत, त्यावर सगळं अंग उचलायचं, मग उजवी टांग पलीकडे. सगळी दुनिया तशीच चढते आणि कुंदालाही तेवढंच ठाऊक आहे.

म्हणजे मला उजवीकडून चढावं लागेल. मला जमेल. तिला चालेल का? तिच्या उजव्या अंगाने आजवर कोणी चढलेलं नाही. मामा, हे तुम्हीच तिला शिकवा. मी इथे खाटेवर बसून पत्र लिहिण्याखेरीज काहीही करू शकत नाही. तिला शांतारामकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात आहे.

तुमच्या लोभाच्या आधाराने उभी,
क्षितिजा


उमेळे,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मामा अजून कामाचा आहे! सुरुवातीला उजवीकडे गेलो की बाईसाहेब गिरकी घेऊन डावी बाजू पुढे करायच्या. मग मी केळं नेऊ लागलो. उजवीकडे निमूट उभी राहिली तर केळं, डावी दाखवली तर नुसती पाठ. पुढे सुक्या पाल्याने भरलेली गोणी उजवीकडून खोगिरावर चढवायला लागलो. आधी फुरफुरली, मग सोसलं.

आता तर अशी तरबेज झालीये की काही विचारू नकोस. काल कुशल पाणी द्यायला डावीकडून गेला, तर ही जागच्या जागी फिरली आणि उजवी बाजू त्याच्यापुढे करून उभी! कोणीही येवो, तिचं एकच उत्तर. मला केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू.

सँड्राबाईंना सोळा मार्चला बोलावलं आहे. तू ये, बस, दाखव.

मामाचा लोभ नेहमीचाच, त्यात आता थोडी ऐटही आहे.
दिवाकरमामा


गोखिवरे,
१७ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न.

काल सँड्राबाई जाताना काय बोलल्या ते तुम्हाला ऐकू आलं नाही. मला तिथे ओरडून सांगवलं नाही. तुम्ही इतके हसत होता, त्यांच्या गाडीत केळ्यांचा घड ठेवत होता. म्हणून आज लिहिते.

उजवीकडून बसले, तिने कानसुद्धा हलवला नाही. घोटा ठणकत होता. पण बावखलाच्या तळ्याकाठापर्यंत दुडक्या चालीने गेले आणि वळले, तेव्हा दिवाळीनंतर पहिल्यांदा वाटलं की मी कुणावर ओझं नाही. सँड्राबाईही खूश होत्या. मग त्या स्वतः चढायला गेल्या. डावीकडून. कुंदा फिरली. त्या पुन्हा गेल्या, ती पुन्हा फिरली, आणि दर वेळी तुमच्याकडे बघत होती, केळ्यासाठी. तुम्ही तिला शाबासकी देत होता.

त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. त्यांच्याकडची मुलं डावीकडूनच चढायला शिकतात. पाय रिकिबीत अडकलेला असताना घोडी अशी फिरली तर मूल फरफटत जाईल. ही सवय मोडायला महिना-दोन महिने लागतील, आणि त्यांचे सुट्टीतले वर्ग तोंडावर आलेत. त्या दुसरी घोडी आणणार आहेत. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तुमचं तर नाहीच नाही. तुम्ही माझ्या पायासाठी केलंत. कुशलदादाकडे आणखी महिनाभराची मुदत मागून पाहिली, त्याने बिल्डरला फोन लावला, माझ्यासमोर लावला. जेसीबी आधीच ठरलेला आहे. आमच्या सोसायटीत तर कुत्रा ठेवायलाही मनाई. मामा, मला काही सुचत नाही.

रागावू नका, लोभ कमी करू नका.
क्षितिजा


उमेळे,
२१ मार्च २०२५

चि. क्षितिजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. माझ्या हसण्याची आता मलाच लाज वाटते.

शांताराम येऊन गेला. माणूस वाईट नाही. खूर उचलून पाहिले, दात पाहिले, काय खाते विचारलं. मी तिची खोड सांगितली, तर तो हसला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला की बाजूचं काय घेऊन बसलात, नवरदेवाला चार मानसं उचलूनच बसवतात. फटाक्यांचं विचारलं. त्याचं म्हणणं, सगळ्यांनाच सवय होते. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मी हो म्हटलं.

चार दिवस केळं घेऊन डावीकडे उभा राहून पाहिलं. ती फिरते, आणि मी केळं दिलं नाही की माझ्या तोंडाकडे बघत राहते. आपलं काय चुकलं ते तिला कळत नाही. शेवटी देऊन टाकतो.

सोमवारी तो तिला न्यायला येईल. तू येऊ नकोस. तुला पाहिलं की तू बसावंस म्हणून ती उजवी बाजू पुढे करून उभी राहील, आणि मग तिचा दोर मला शांतारामच्या हातात देता यायचा नाही.

पाय सांभाळ. मामावर लोभ ठेवता आला, तर ठेव.
दिवाकरमामा