आत : एक

सोमवार
आलो एकदाचे! वायरी ओढता ओढता अर्धं आयुष्य गेलं, आता शीतगृहाचा मालक. वर राहायला दोन खोल्या, खाली बटाट्यांची थंड खोली. ही म्हणाली, उन्हाळ्यात खालीच झोपू. म्हटलं, बटाट्यांना विचारून सांगतो. कॉम्प्रेसर ऐकला, एका बेअरिंगला वंगण हवंय. कान शाबूत आहेत अजून.

मंगळवार
थंड खोलीचं दार जुन्या प्रोग्रामवर चालतं. कार्ड लावलं की टिक होऊन उघडतं, आणि आत किती माणसं ते पडद्यावर दिसतं. कंप्युटर फारच रडत होता, म्हणून नवी सिस्टीम टाकून घेतली. तर प्रोग्रामनेच मान टाकली. माल आत, आम्ही बाहेर.

बुधवार
कंप्युटरवाल्याने कपाटातली मूळ सीडी लावली आणि प्रोग्रामपुरती तारीख कित्येक वर्षं मागे नेली. म्हणाला, काका, म्हाताऱ्याला कळूच द्यायचं नाही की जग पुढे गेलंय. प्रोग्राम उठला! हमालांची कार्डं मात्र ओळखेना. दोन नवी करून घेतली, एक मला, एक हिला. पडद्यावर अक्षरं आली : आत – एक. काचेतून पाहिलं. बटाटे.

गुरुवार
पडदा पाहून मुकादम खुर्चीत बसेनाच. म्हणाला, पूर्वी खोली राखणीशिवाय सोडायची नाही असा नियम प्रोग्राममध्येच होता. दुसरा आत आल्याशिवाय पहिल्याला दार सुटायचं नाही. एकदा बदलीचा राखणदार आलाच नाही. दार फोडेपर्यंत आतला गारठून गेला होता. मग जुन्या मालकाने नियम काढला. मूळ सीडीत तो असणारच, दार कापून काढा मालक, म्हणाला. मी हसलो. दार कापलं तर मालाचं मातेरं.
संध्याकाळी आतून ठकठक. कॉम्प्रेसरचा ठेका मला पाठ आहे, हा तो नव्हे. ठोकायचं, थांबायचं — कोणी येतंय का ऐकावं तसं.

शुक्रवार
ठकठक थांबत नाही. हिला ऐकू येत नाही. एखादा हमाल मंगळवारपासून खरंच गोण्यांमागे अडकला असला तर? चपला बाहेर काढल्या, कार्ड लावलं. टिक. आत पाऊल टाकलं तोच खांद्याला काहीतरी गार घासून बाहेर गेलं. दार मिटलं.
आतल्या पडद्यावर — आत : एक.

कार्ड लावतोय. दार ढिम्म. मोबाइल वरच्या खोलीत चार्जिंगला. नशीब, ही डायरी खिशात असते. ठोकतोय — थांबतोय — ऐकतोय —

दाराबाहेर जिन्यावर चपला वाजल्या. माझ्याच. ही म्हणाली, अहो, आलात? किती गार पडलात!
उत्तर आलं. आवाज माझा —

तो सांगतोय, खाली दार वाजतंय, तुझं कार्ड घेऊन बघून ये जरा.

ठोकणं बंद केलंय. ती आत आली की मी सुटेन. आणि ती —
नको.
दात थांबत नाहीत —

दारापाशी आली. विचारतेय, कोण आहे हो आत? ओरडून सांगावं, येऊ नकोस — पण माझा आवाज ऐकला तर ती थांबायची नाही — ओळखतो मी तिला — गप्प बसलो तरी काचेतून —
बघितलं तिने. हाताने नको नको म्हणतोय, तिला वाटतंय बोलावतोय —
टिक