आईनं दूध सोडलं

३ मार्च
आठवड्यानं नळाला पाणी. आईनं टाकी, पिंप, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरला. माझं पीएच.डी.चं काम आजही शून्य. सर म्हणतात, कुटुंबाचं उत्पन्न आणि पाणी यांचा संबंध देशोदेशी दाखवायचा तर नुसता नळ मोजून भागत नाही. खाण्यात, कपड्यांत मुरलेलं पाणी धरा. बरोबर आहे. पण इथं आंघोळीला तांबे मोजून आणि मी बसून कॉफीच्या बीला किती पाणी लागलं ते काढतेय. डोकं उठलं.

६ मार्च
नमुन्याला दोन घरं. एक आमचं : मी नि आई. दुसरं दादाचं, जर्मनीत. बिलं फोनवर पाठवली त्यानं. चीज, चॉकलेट, कॉफी, ढीगभर कपडे. पगार मोठा, पाणीही आमच्या कितीतरी पट. तेही सगळं तिथलं नाही, कापूस कुठल्यातरी आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातला. वर मला म्हणतो, "अगं, मी तर शॉवर दोन मिनिटांत उरकतो."
शॉवर! कपाळ माझं.

७ मार्च
आईला तक्ता दाखवला. दादाचा आकडा दाखवून मिरवायचं होतं, खरं तर. तिनं आधी आपलाच रकाना विचारला.
"दूध एवढं पाणी पितं व्हय?"
म्हटलं, चाऱ्याला लागतं ना. शिवाय कॉलेजातला माझा पगार सुरू झाल्यापासून घरात दूध रोज येतं, म्हणून आपलाही आकडा वाढलाय, हेही सांगून बसले. नको तिथं मास्तरकी.

११ मार्च
आई कोरा चहा पितेय! दूधवाल्याला परस्पर नको सांगितलं. विहारातल्या बायकांनाही सांगून आली म्हणे. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी रोज दूध प्यायला सांगितलंय, ते गेलं उडत. भांडले.
"निम्मा जन्म कोऱ्या चहावर गेला माझा. मेले का?"
ज्यांनी कमी करायचं ते ढिम्म. आणि हिनं आपलाच घोट सोडला. संताप, संताप.

१५ मार्च
दादाचा व्हिडिओ कॉल. आईनं दूध सोडल्याचं अभिमानानं सांगितलं. तो : "वा आई! हे इथल्या लोकांना सांगायला पाहिजे." मागं वहिनी बॅगा भरत होती, कुठल्याशा बेटावर चाललेत सुट्टीला. मग मी काहीबाही बोलले. आईनं फोनच ओढून घेतला.
"पोराला टोचू नको."
म्हणजे वाईट मीच.

१८ मार्च
बादली उचलताना आई गुडघा धरून खालीच बसली. उठवेना. मी घाबरले. सरळ खोटं बोलले, हिशेब चुकला होता, दुधाला एवढं पाणी नाही लागत.
"कालेजात शिकवती, अन् घरी खोटं बोलती?"
बादली मीच आत नेली.

१९ मार्च
सकाळी मीच जाऊन दूध आणलं. चहा करून कप पुढं ठेवला. तिनं सरकवला. रडू फुटलं मला, ओरडलेच : आपलं आधीच कमी आहे गं आई! कमी व्हायला पाहिजे ते दादाच्या घरचं!
तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.
"ठाव हाय मला. त्याचं किती लई हाय ते पाह्यलं की मी. परक्या मुलखात राहतो लेकरू, त्याला कशाला कमी कर म्हणायचं? म्हणून त्याच्या वाटचं मी कमी करते. एकाच घरातले ना आपण?"
तक्त्यात मी दोन घरं लिहिलीत.
तासाला उशीर झाला. निघाले तेव्हा चहा ओट्यावर तसाच, साय धरलेला. रिक्षात दादाचा नंबर काढला. लावला नाही. हे त्याला सांगितलं तर तो रडेल, की पुन्हा वा म्हणेल, याचीच भीती वाटली.