एक माणूस कमी

प्रिय धाकट्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. बाबा गेल्याचं कळवून महिना झाला आणि तू विचारलंस ते एवढंच, की 'शेवटच्या दिवसांत त्यांनी एकदा तरी माझं नाव घेतलं का?' उत्तर एका शब्दाचं आहे. तरी आठ दिवस कागद समोर घेऊन बसलेय. शिवणकामात लक्ष कसलं लागतंय! काल एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच जोडले.

सध्या दुपारी असं मऊ ऊन येतं की खोल्या पाण्याखाली असल्यासारख्या वाटतात. मशीन थांबवलं की वाटतं, आता पाच वाजतील आणि बाबा घसा खाकरून हजेरी घेतील. आई, मी, तू आणि मांजरसुद्धा. मांजराच्या वतीने आई 'हजर' म्हणायची आणि बाबांच्या मिशीत हसू फुटायचं. दिवसभरात काय ते तेवढंच. बाबा फौजेत असताना लढाईत एका संध्याकाळी त्यांनी आपल्या तुकडीतली अकरा नावं पुकारली आणि एकानेही ओ दिली नाही, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. तुला तर कुणीच सांगितलं नाही. म्हणूनच एके दिवशी हजेरीला तू त्यांच्यासमोर उभा राहून मुद्दाम गप्प बसलास, त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेऊन तुझ्या कानाखाली वाजवली आणि तू पिशवी उचलून घर सोडलंस. मी त्यांची बाजू घेत नाहीये. त्यांचा हात किती जड होता, मलाही ठाऊक आहे. माझा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांची पावलं वाजली की मी दाराआडही व्हायचे.

तू गेल्यावर हजेरी बंद झाली. सतरा वर्षं तुझं नाव घरात निघालं नाही. त्यातच आई गेली, बाबांची स्मृती हळूहळू विरघळत गेली, ते भिंतीवरच्या उन्हाशी पुटपुटायला लागले. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अचानक त्यांनी माझं नाव पुकारलं, मग तुझं. पुन्हा तुझं. "एक माणूस कमी आहे," म्हणत बूट चढवून निघालेसुद्धा! बसथांब्यावरून हाताला धरून आणलं. दुसऱ्या दिवशी तेच. उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा निरखून बघत होते.

तिसऱ्या दिवशी मी पडद्याआडून आवाज जाड करून म्हटलं, 'हजर.' त्यांनी बूट काढले, चहा मागितला आणि लहान मुलासारखे गाढ झोपले. मग दोन वर्षं रोज हेच चाललं. तेव्हा हो, घेतलं त्यांनी तुझं नाव, रोज घेतलं. तुझा पत्ता माझ्याकडे होता. एक पत्र टाकलं असतं तर तू आला असतास. पण तू आलास की घर पुन्हा पेटेल, असं वाटायचं. आणि खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेली ती शांतता मला सोडवेना. तू घरातच आहेस असं समजून ते गेले, आणि तू तिकडे झुरत राहिलास. हे मी केलं, बाबांनी नाही. त्यांच्यावरचा राग आता सोड. तो माझ्यावर काढ, पण इथे येऊन काढ.

तुझीच अपराधी,
ताई