कुत्र्याचा ठराव

४ मार्च, मंगळवार
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जूनी नव्हती रडली — बाळ गाढ झोपलं होतं. दारावर वसाहतीच्या अध्यक्षाने, मर्लने, कागद चिकटवलाय. शनिवारी, पंधरा तारखेला सभा. ठराव — कुत्रा पाळणाऱ्याने तीस दिवसांत वसाहत सोडायची. चाकांवरची तेवीस घरं आणि कुत्रा एकच, माझ्याकडचा वॅफल! माझं नाव तेवढं लिहायचं राहिलंय.

वॅफल खरा रॉयसचा, माझ्या भावाचा. ट्रक घेऊन निघताना सोडून गेला. "कोल्बी आला तर हा बघून घेईल." कोल्बी म्हणजे जूनीचा बाप. दोनदा आला, पिऊन. दोन्ही वेळा वॅफलने पायरीवरूनच पिटाळला. कुत्रा गेला तर इथे राहू कशी? ठेवला तर जाऊ कुठे?

५ मार्च
शेजारच्या वर्नाबाईंकडे रडायला गेले. शिक्षक संघटनेच्या सभा तीस वर्षं चालवल्यात त्यांनी.
"रडून काय होतंय, पोरी? मर्लला हातोडी आपटता येते, नियम येत नाहीत. तू शीक."
"मी नववीत शाळा सोडली!"
"मग डोक्यात जागा असेल भरपूर."
सभेच्या नियमांचं पुस्तक दिलं. उशीएवढं जाड!

८ मार्च
स्वयंपाकघरात सभा भरवली. जूनीने दुधाचा ठराव मांडला. वॅफल भुंकला — अनुमोदन! विरोधात कोणी नाही. मंजूर.

११ मार्च
दरवेळी सभा तीनला. या वेळी मर्लने एकला ठेवलीय. कोंबड्यांच्या कारखान्यातल्या सहा जणी दोनला सुटतात. सगळ्या माझ्या बाजूच्या. त्याला चांगलं ठाऊक आहे!

वर्नाबाईंनी एक नियम दाखवला. तीनदा वाचला तेव्हा शिरला डोक्यात. झालेल्या मताचा फेरविचार मागता येतो, पण त्याच सभेत. आणि मागायचा कोणी? जो जिंकलेल्या बाजूला होता, त्यानेच! हरलेल्याने नाही.
मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.
"हसू न येता हात वर करता येईल ना गं तुला?"

१५ मार्च, शनिवार, पावणेदोन
सभेत बसूनच लिहितेय. मला धरून बाराजण आले होते. मर्ल म्हणाला, ठरावाच्या बाजूने हात वर करा. मी केला! जूनी कडेवर, हात छताला. सगळे बघतच राहिले.
मर्ल म्हणाला, "अगं बये, कशाला हात वर केलास कळतंय का?"
"हो की."
आठ विरुद्ध चार. त्या आठांत मी.

आता सभा लांबवायची. संपली तर खेळ खलास. रस्त्याच्या खड्ड्यांचा ठराव चाललाय. मी उठून दुरुस्ती सुचवली — "खडी" नको, "बारीक खडी" म्हणा. वर्नाबाईंचं अनुमोदन. मर्लचे कान लाल. चर्चा वीस मिनिटं! आता "बारीक" म्हणजे किती, ते विचारते.

सव्वातीन
अडीचला सहाजणी आल्या, अंगावर कारखान्याचे कोट तसेच. मी उठले. "कुत्र्याच्या ठरावाचा फेरविचार व्हावा. मी जिंकलेल्या बाजूला मत दिलंय."
मर्ल ओरडला, "असला नियमच नाही!"
वर्नाबाईंनी पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं. पानात खूण होती.
फेरविचार मंजूर. पुन्हा मतदान. सात विरुद्ध अकरा. पडला ठराव!
मर्लने हातोडी फेकली. "चालवा तुम्हीच! सोडलं मी अध्यक्षपद." आणि सभेची वही बगलेत मारून चालता झाला.
त्या सहाजणींतली डेल्फिना कोट काढत म्हणाली, "हिलाच बसवा. नियम हिलाच येतात."

साडेचार
हातोडी माझ्याकडे. सभेची वही नाही, म्हणून नोंद यातच करतेय — आता ही वही सगळ्यांची. सभा संपवायचा ठराव मीच कसा मांडू? अध्यक्ष ना मी! आणि बाकीचे अजून खड्ड्यांवरून भांडतायत. जूनीला भूक लागलीय. हे जे कोणी वाचाल, त्यांनी माझ्या भावाला, रॉयसला, फोन करा. सांगा, वॅफल इथेच राहतोय आणि आम्हीही. अध्यक्ष कोण झालं तेही तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाही.