तहानेचा शब्द

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ५.४०
आजपासून उपवासकाळ. चाळीस दिवस खोटं बोलायचं नाही, रागवायचं नाही, चहात साखर घ्यायची नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बारावीच्या परीक्षेत माझ्या ब्लॉकमध्ये एकही कॉपी चालू द्यायची नाही. आमच्या दर्यापूरच्या कॉलेजात कॉपी खिडकीतून येते, दारातून येते, गेल्या वर्षी पाण्याच्या जगमधून आली. बाकीचे सर तीन तास भिंतीवरचं घड्याळ बघत बसतात. मी ख्रिस्ती माणूस. मी घड्याळ बघणार नाही.
बायकोला सांगितलं. करुणा म्हणाली, साखरेचं जमते का ते पाहा आधी.
अमरावतीहून साडेसहाची जीप. निघतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
पहिली कॉपी पकडली! पियुष नावाचा पोरगा. चिठ्ठी मोज्यात. कॉलर धरून उभा केला, कानाखाली दोन दिल्या. ओठ फुटला. उत्तरपत्रिकेवर रक्ताचे तीन थेंब पडले, ते मी स्वतःच्या रुमालाने पुसले.
रागाने मारलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. तत्त्वाने मारलं.
शिपाई डोमाजी मागून म्हणाला, "त्याचा बाप थ्रेशरवर कामाले हाय सर. विचाराले कोनी येनार नाई त्याच्याकडून. बराबर पाहून मारलं तुमी." डोमाजीला शिस्तीतलं काही कळत नाही.
साखर दोन चमचे. प्रवासाचा थकवा होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
बाहेरच्या पोरांनी दगड मारला. खिडकीची काच फुटून एक तुकडा माझ्या कपाळात. एक टाका. बँडेज जरा मोठं बांधायला लावलं. परतीच्या जीपमध्ये सगळ्यांनी विचारलं. आधी तीन पोरं होती म्हणालो, बडनेऱ्याला जाणाऱ्या प्रवाशाला सात सांगितली. पवित्र शास्त्रात सात हा पूर्णतेचा आकडा आहे, त्याला खोटं म्हणता येणार नाही.
आमच्याकडे ज्योत्स्ना मॅडम तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. बारीक आवाजाच्या, भित्र्या. त्या म्हणाल्या, सर, तुमच्याकडे पाहून धीर येतो, मीसुद्धा आता कोणाला सोडणार नाही. मी म्हणालो, भिऊ नका. मी आहे ना.
हे वाक्य छान जमलं होतं.

१ मार्च, रविवार
उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीत बारा ते तीन उपासना असते. येशूचे वधस्तंभावरचे सात शब्द सात जण समजावून सांगतात. मी पहिला मागितला होता, क्षमेचा. क्षमेवर माझ्याकडे भरपूर मटेरियल आहे. पाळकसाहेबांनी तो सीमाबाई नर्सला दिला आणि मला पाचवा, तहानेचा, 'मला तहान लागली आहे.' सातांमध्ये सगळ्यात छोटा. तहान म्हणजे काय, पाणी प्यायचं, विषय संपला.
घरी आल्यावर मागच्या दाराला लाथ घातली. कडी निघाली. हा राग नव्हे, ही वेदना.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७
सगळं क्रमाने लिहितो.
आज माझ्या ब्लॉकमध्ये शिवम होता. संस्थेचे अध्यक्ष किसनरावजी, त्यांचा पुतण्या. बाकावर अख्खं गाईड उघडं, झाकायचे कष्टसुद्धा नाहीत. मी दोनदा खाकरलो. त्याने पान उलटलं. तेवढ्यात माझा घसा कोरडा पडला. ज्योत्स्ना मॅडमची आज राखीव ड्युटी होती, त्यांना बोलावलं. म्हणालो, पाच मिनिटं बघा, मी पाणी पिऊन येतो. तिसऱ्या बाकावर जरा लक्ष ठेवा.
पाणी पिऊन यायला चाळीस मिनिटं लागली.
आलो तेव्हा गाईड मॅडमच्या हातात, आणि शिवम ब्लॉकच्या बाहेर. मी त्यांचं अभिनंदन केलं. आपल्यामुळे एक माणूस धीट झाला, या भावनेने भरून आलं.
पेपर सुटला. मी पुन्हा पाण्याच्या टाकीपाशी होतो, ऊन फार होतं. गेटजवळ शिवम आणि आणखी दोघं, हातात क्रिकेटचे स्टंप. पहिला फटका मॅडमच्या पाठीत. दुसरा त्यांनी हातावर घेतला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. पडल्या. मग लाथा. पोटात, छातीत. शिवमने केस धरले आणि तोंड गेटच्या लोखंडावर आपटलं. दोनदा. दुसऱ्या वेळी काहीतरी पांढरं मातीत पडलं.
त्यांनी मला पाहिलं. शिवमने नाही, मॅडमनी. "सर," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाणी."
माझ्या हातात गिलास होता. भरलेला.
मी ताबडतोब धावलो. स्टाफरूमकडे, मदत आणायला. तिथे कोणी नव्हतं, म्हणून आतून कडी लावून प्रार्थना केली.
नंतर कळलं, डोमाजीने त्यांना उचललं. आपला दुपट्टा फाडून हात बांधला आणि ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

७ मार्च, शनिवार
पूर्ण विचार केला. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. म्हणजे मी अजून खोटं बोललेलो नाही. संकल्प शाबूत आहे.
डोमाजी स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मी आतून आलो तवा पोट्टे पयाले होते सर. म्या पाह्यलं असतं तं सांगतलं असतं. टाकीपाशी तुमी होते." मी म्हणालो, योग्य वेळी योग्य ठिकाणी बोलेन. तो म्हणाला, "ते दोनी होऊन गेले ना."
फार तोंड वाढलंय त्याचं. एक ठेवून द्यावी असं वाटलं. दिली नाही. संयम.

९ मार्च, सोमवार
किसनरावजींनी बंगल्यावर बोलावलं. पेढे आणले. म्हणाले, "याकोब सर, तुमी देवाधर्माचे मानूस. जूनपासून सुपरवायझरची खुर्ची खाली होऊन राहिली. पोट्टं हाय, उठला हात. मॅडमनंच आंधी थापड मारली म्हन्ते तो." मी निर्भीडपणे सांगितलं, मी फक्त सत्य बोलेन. ते म्हणाले, "मंग बोला ना! सत्यच बोला. तुमी पानी पेत होते."
विचार केला. खरंच पीत होतो.
पेढे दोन. साखरेचा संकल्प चहापुरता आहे.

१२ मार्च, गुरुवार
पोलीस स्टेशन. जबाब दिला. "घटनेच्या वेळी मी टाकीवर पाणी पीत होतो." एक शब्द खोटा नाही. हवालदाराने विचारलं, काही दिसलं असेल ना? मी म्हणालो, वरून पाणी पिणारा माणूस आभाळाकडे पाहतो. त्याने ते लिहून घेतलं. सही केली.
जेवताना करुणाने विचारलं. सांगितलं. तिने हातातलं उलथनं ओट्यावर असं आपटलं की दांडा तुटून माझ्या ताटात आला. "त्या गरिबाच्या पोट्ट्याचा ओठ फोडला, तवा बरं दिसलं तुमाले! तवा नाई पाह्यलं आभायाकडे?"
बायकांचा रागावर ताबा नसतो. मी वरण पुसून जेवलो.

३१ मार्च, मंगळवार
दोन ऑर्डरी निघाल्या. विद्यार्थ्याला मारहाण केली म्हणून ज्योत्स्ना मॅडमना कमी केलं. मला सुपरवायझर केलं. डोमाजीने दोन्ही एकदमच आणल्या. मॅडमची दोन्ही हातांनी धरली होती. माझी टेबलावर टाकली.
पुरवणी जबाब देता येतो म्हणे. मॅडम त्याचीच वाट पाहून आहेत, मी एक शब्द बोललो तर ऑर्डर मागे घ्यावी लागेल, असं डोमाजी म्हणाला. देणार आहे. उत्तम शुक्रवार होऊ दे. आत्ता डोक्यात तहानेचा शब्द चालू आहे, व्यत्यय नको.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
अकरा पानं. बावीस मिनिटं. नियमाप्रमाणे सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, त्यामुळे आवाजाला धार आली. मरणाऱ्याने पाणी मागितलं आणि उभे राहून पाहणारे कसे पाहत राहिले, यावर बोललो तेव्हा बाया रडल्या. मी स्वतःसुद्धा. पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी पहिला शब्द तुम्हालाच देतो म्हणाले.
फक्त करुणा माझं नाव पुकारल्यावर उठली आणि बाहेर गेली. बेचाळीस डिग्रीत भिंतीला टेकून उभी राहिली. घरी येताना एकदाच बोलली. "सोमवारी तिच्या घरी जा. तिले सांगा, मी बोलतो. तिथून ठाण्यात जा. नाई जमलं तं घरी येऊ नका."
जमेल. आजच्यासारखं बोललो तर नक्की जमेल.

६ एप्रिल, सोमवार. दुपारी २.१५, दर्यापूर स्टँड
मॅडमच्या घरी जाऊन आलो. एक खोली, पत्र्याची. त्यांच्या आईने, केशरबाईंनी, खुर्ची पुसून दिली. मॅडमचा उजवा हात प्लास्टरमध्ये. समोरचे दोन दात नाहीत. हसल्या, मग तोंडावर हात धरला.
मी म्हणालो, ऊन फार आहे.
त्या म्हणाल्या, तुम्ही येणार हे मला माहीत होतं सर. बसा. केशरबाई पाण्याला उठल्या तर म्हणाल्या, "राहू दे माय, सरायले मी देतो." डाव्या हाताने माठातून पाणी काढलं. अर्धं सांडलं. गिलास पुन्हा बुडवला. काठोकाठ भरलेला गिलास घेऊन हळूहळू माझ्यापर्यंत आल्या.
मी गिलास तोंडाला लावून प्यालो. वर पाहिलं नाही. सगळा वेळ तो प्लास्टरचा हात समोर होता.
गिलास संपला. वाक्य जीपमध्ये पाठ केलं होतं. तोंड उघडलं.
त्या म्हणाल्या, "अजून देऊ का सर?"
हो म्हणालो. तोही पिऊन निघालो.
घराकडे जाणाऱ्या दोन जीपा सोडल्या.