तांबडी वाळू

३ मार्च
आज कामावर रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर मीच. बाबांनी नेमणूकपत्र इतक्या जणांना दाखवलं की त्याची घडीच फाटली. खोली छान आहे. घरमालकीणबाईंनी आल्याआल्या बजावलं, मॅडमबिडम नको, काकू म्हण.
आमचं काम असं: खोलवर, तेल अडकून बसलेल्या शेल नावाच्या खडकात प्रचंड दाबाने पाणी सोडून भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू पाठवायची. भेग उघडी राहिली तरच तेल येतं. वाळूला राळेचा लेप असतो, म्हणून ती तांबडी दिसते.

९ मार्च
दाब वाढवा, वाळू दुप्पट करा, असं मी रुजू झाल्या दिवशीच सुचवलं होतं. आज तेल दीडपट आलं. साहेब खूश.
काकूंनी विचारलं, आपल्या बोअरच्या पाण्याला काही होणार नाही ना? मी म्हटलं, भेगा फार खाली थांबतात. त्या हसून म्हणाल्या, तू एवढी शिकलेली, तुझं नाही ऐकायचं तर काय नळवाल्याचं ऐकायचं?

१४ मार्च
जमिनीचे हादरे टिपणाऱ्या बारा यंत्रांपैकी एकाने दाखवलं, भेग वर वळलीय. वस्तीकडे. साहेब म्हणाले, अकरा गप्प आहेत, एकटंच बोंबलतंय, त्याचं काय मनावर घेतेस. मी ती नोंद ‘यंत्रात बिघाड’ म्हणून खोडली. खाली सही माझी.

१७ मार्च
स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडलीय. काकूंनी काल सिमेंट भरलं, आज पुन्हा उघडी. आत तांबडी वाळू. काकू म्हणाल्या, तुझ्याच बुटांतून येत असेल, दारात झटकत जा. मी हो म्हटलं. बुटांत एक कण नव्हता.

१९ मार्च
दुपारी काकू टाचांना मलम लावत होत्या. यंदा भेगा मिटतच नाहीत म्हणाल्या. मी वाकून पाहिलं. रक्त नव्हतं, दाणे होते. सांगायला हवं होतं. मी मलम लावून दिलं.

२१ मार्च
साहेबांना म्हटलं, पंप थांबवा. त्यांनी माझी सही पुढे केली.

२२ मार्च
काकू अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, उष्णता. ओठ फाटलेत. पाणी मागतात, बोअरचंच. पंप सुरू झाला की कपाळावरची रेघ जराशी —

२२, संध्याकाळ
सगळं सांगितलं. खोडलेली नोंद, सही. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पोरी, तू काही मुद्दाम — पुढे तोंड मिटेना. मी हनुवटी धरून — मिटत नाही. आत सगळी तांबडी —
माझ्या बोटाला. पेन टेकतं तिथेच. एक बारीक —